मागील पानावरून पुढे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी परभणीच्या मोंढ्यातून एक फेरी मारून यावी. कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या धुळीने वर्षभर मळलेले आडत दुकानांचे ओटे त्या दिवशी धुतलेले असतात, दारांवर झेंडूची तोरणे असतात आणि आत पांढऱ्याशुभ्र गादीवर नव्या वह्या मांडलेल्या असतात. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, त्याखाली 'श्री', दोहो बाजूंना 'शुभ' आणि 'लाभ'. हल्ली त्या वह्यांच्या शेजारी बसलेल्या संगणकालाही हळदकुंकू लागते. पूजा होते, लाह्या-बत्तासे वाटले जातात, पोरे फटाक्यांकडे धाव घेतात आणि पाहणाऱ्याला वाटते, झाले, नवे वर्ष लागले!

जाणत्या मुनिमाला मात्र तसे वाटत नाही. त्याचे खरे काम पुढेच असते. जुन्या वहीतले एकेक खाते बंद करावयाचे, कोणाकडून किती येणे आणि कोणाला किती देणे हे काढावयाचे, आणि नव्या वहीत त्या त्या माणसाच्या नावाखाली 'मागील बाकी' म्हणून पहिली ओळ लिहावयाची. ती एक ओळ चुकली तर पुढची शंभर पाने बिनचूक असूनही खोटी ठरतात. नवी वही बाजारात विकत मिळते. मागील बाकी कोठेच विकत मिळत नाही.

आज ज्या विषयावर लिहावयाचे आहे तो ऐकताना परका वाटेल. पण तो या वहीहून फारसा निराळा नाही. विषय आहे तो सर्व्हरची मोठी आवृत्ती बदलण्याचा, आणि त्या बदलाची आखणी कशी करावी याचा. वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर हे कसले यंत्रपुराण, असे म्हणून पान उलटू नका. या पुराणात शेवटी यंत्रापेक्षा माणसेच अधिक आहेत, आणि त्यातले मुख्य गाव परभणी जिल्ह्यातलेच आहे.

खिडकीपलीकडचा कारकून

'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आता खेड्यातल्या आजीबाईंनाही पाठ झाले आहे. रेशनच्या दुकानात, बँकेत, सातबाराच्या उताऱ्यासाठी केंद्रावर गेले असता ते केव्हा ना केव्हा कानी पडतेच. पण हा सर्व्हर म्हणजे नेमका कोण?

एखादी जुनी कचेरी डोळ्यांपुढे आणावी. दारात चपराशी बसलेला आहे. तो आलेल्याचा अर्ज घेतो आणि आत नेऊन देतो. आत टेबलाशी कारकून आहे. तो अर्ज वाचतो, नियम पाहतो, उत्तर तयार करतो. त्याच्या मागे दप्तरखाना आहे; तेथे रुमालांत बांधलेली कागदपत्रे वर्षानुवर्षे ठेवलेली आहेत. संगणकाच्या जगातही हीच तीन माणसे आहेत. दारातला चपराशी तो वेब सर्व्हर, टेबलाशी बसलेला कारकून तो ॲप्लिकेशन सर्व्हर आणि दप्तरखाना तो डेटाबेस. आपण मोबाइलवर बोट लावतो तेव्हा आपला अर्ज त्या दारात जाऊन पडतो.

या सृष्टीतला पहिला चपराशी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९९० च्या अखेरीस कामाला लागला. टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरचा तो एक काळा संगणक होता. त्यावर त्यांनी एक चिठ्ठी चिकटवून तांबड्या शाईने लिहून ठेवले होते, की हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये. सर्व्हरच्या धर्माचे पहिले सूत्र त्या चिठ्ठीतच आले. जो सर्वांच्या उपयोगी पडतो त्याला झोपण्याची मुभा नाही. आणि ज्याला झोपण्याची मुभा नाही त्याच्यावर शस्त्रक्रिया करणे सर्वांत अवघड.

पुढे कारकूनही आला. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी जावा भाषेतला असा एक कारकून तयार केला. १९९९ साली तो अपॅची फाउंडेशन या संस्थेच्या हवाली झाला. त्याचे नाव टॉमकॅट, म्हणजे आपला बोका. स्वतःची पोटापाण्याची सोय स्वतः पाहणारा प्राणी असावा, म्हणून हे नाव. हा बोका आज जगभरच्या कचेऱ्यांतून राबत आहे.

या कारकुनांना आवृत्तीचे आकडे असतात. ९.० चे ९.१ होणे म्हणजे दिवाळीच्या आधी घराला चुना काढण्यासारखे. ९ चे १० होणे म्हणजे घरात माणसे राहत असतानाच आढे आणि वासे बदलणे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तरी पहिली कपाटात सुखाने राहते. सर्व्हरचे तसे नाही. जुन्या आवृत्तीचे कर्ते एक दिवस जाहीर करतात, की अमुक तारखेनंतर आम्ही हिची डागडुजी करणार नाही. त्यानंतर तिला पडलेली भगदाडे बुजविणारा कोणी उरत नाही आणि चोरांना ती ठाऊक झालेली असतात. म्हणून बदल टळत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की तो कसा करावा.

याचे उत्तर शोधण्यासाठी सिलिकॉनच्या खोऱ्यात जाण्याचे कारण नाही. परभणीहून जिंतूरकडे निघाले म्हणजे वाटेत बोरी लागते. जिंतूर तालुक्यातले हे गाव. या गावाने आणि त्याच्या शेजारपाजारच्या गावांनी गेल्या पाऊणशे वर्षांत आपले राज्य, नाणे, लिपी, मापे आणि दप्तर इतक्या वेळा बदललेले पाहिले आहे, की आवृत्ती बदलणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावयास नको.

दोन टिंबांचा फरक

बोरी निजामाच्या राज्यात होती. १८५३ पासून १८८३ पर्यंत हैदराबादची दिवाणगिरी सांभाळणाऱ्या पहिल्या सालारजंगाने तेथे जिल्हाबंदी केली आणि शेजारच्या मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीच्या मोजणीस आरंभ झाला. एकर आणि गुंठे आले, सर्व्हे नंबर आले, सेतवार पत्रके आली. दरबाराची भाषा आधी फारसी होती, नंतर उर्दू झाली. वर्ष फसली, त्यात ५९० मिळविले की इसवी सनाच्या जवळपास जावे. महिने आजूर, दै, बहमन. गावच्या पटवाऱ्याचा हात मात्र मोडीवर बसलेला.

म्हणजे एकच शेत, परंतु त्याची नोंद दोन लिप्यांत. आणि दोन्ही लिप्या आपापल्या परीने लहरी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नसे. उर्दूत 'बोरी' लिहावयाची तर बे, वाव, रे, ये अशी चार अक्षरे. पण वाव हे ओ, ऊ किंवा औ असे कसेही वाचता येते आणि ये हे ई किंवा ए. म्हणजे जाणकार नसेल त्याला 'बोरी', 'बूरी', 'बोरे' ही सारी सारखीच. त्यात कारकुनाचा हात शिकस्ता वळणाचा असला आणि टिंबे देताना तो घाईत असला तर पाहावयासच नको. बे खाली एक टिंब, पे खाली तीन, ते वर दोन, नून वर एक. बाकी शब्दाच्या आरंभी आकृती तीच. दोन टिंबांच्या फरकाने गावाचे नाव बदलावे अशी ती लिपी!

लिपीला येथे दोष द्यावयाचा नाही. ज्यांचा हात तीवर बसला होता त्यांनी त्या दप्तराच्या आधारे उत्तम राज्यकारभार केला. सांगावयाचे इतकेच, की दप्तर वाचणारा माणूस बदलला की दप्तरही बदलते, जरी त्यातले एक अक्षरही कोणी खोडलेले नसले तरी.

हा वाचणारा बदलण्याचा प्रसंग लवकरच आला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाची राजवट संपली. बोरी आधी हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आली. बारा वर्षांत तीन राज्ये झाली, आणि गाव आपल्या जागचे तसूभरही हलले नाही.

हाली आणि कलदार

या काळातला एक बदल इतका शहाणपणाने झाला, की तो आजच्या सर्व्हरवाल्यांनी अभ्यासावा. तो म्हणजे नाण्याचा. निजामाच्या राज्यात त्याचा स्वतःचा रुपया चाले. त्याला हाली म्हणत. भारत सरकारचा तो कलदार. भाव असा, की सात हाली म्हणजे सहा कलदार. एका कलदाराचा हिशेब करावा तर हाली १ रुपया २ आणे ८ पै. शंभर कलदाराचे ११६ रुपये १० आणे ८ पै. हा हिशेब जुन्या माणसांच्या ओठांवर असे.

नवे सरकार आले म्हणून एका रात्रीत हाली रद्द झाला नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया त्याच्या जोडीला आला, १९५१ मध्ये हाली काढणे थांबले, आणि तो कायमचा चलनातून बाद झाला तो १९५९ साली. यातल्या तीन तारखा वेगवेगळ्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. नवे सुरू होण्याचा दिवस एक, जुने काढणे थांबण्याचा दिवस दुसरा आणि जुने चालेनासे होण्याचा दिवस तिसरा. शेतकऱ्याच्या गाडग्यात पुरलेल्या नाण्याला बाहेर यावयास मधल्या काळात अवसर मिळाला.

संगणकाच्या जगात पायथॉन नावाच्या भाषेवर नेमका हाच प्रसंग आला. तिची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये निघाली. ती दुसरीशी मिळतीजुळती नव्हती. दुसरीची मुदत आधी २०१५ ठरली होती. पण लोकांचे सामान हलले नव्हते, म्हणून ती १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवावी लागली. अकरा वर्षे दोन नाणी एकत्र चालली! जगातले हुशार प्रोग्रामर आणि मराठवाड्यातला शेतकरी, दोघांच्याही गाडग्यातले जुने नाणे बाहेर निघण्यास लागावयाचा तो वेळ लागतोच.

त्याच सुमारास दुसराही एक बदल झाला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आले. आता आण्याचे पैसे किती? सव्वासहा. पण सव्वा पैसा तर नाही! म्हणून एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ आणि चारला २५ असे कोष्टक ठरले. चार जणांनी एकेक आणा वेगळा मोडला तर मिळून २४, आणि एकट्याने चार आणे मोडले तर २५. एका पैशाची ही तफावत कोणाची लबाडी नव्हती. ती दोन मापांच्या मधल्या फटीतून गळली होती. आवृत्ती बदलताना माहितीची गळती होते ती अशीच. कोणी चोरी करीत नाही. जुन्या साच्यात बसणारी वस्तू नव्या साच्यात पुरती बसत नाही, एवढेच. म्हणून शहाणा माणूस आधी कोष्टक करतो, आणि उरलेला पाव पैसा कोणाच्या खाती टाकावयाचा हे भांडण होण्याआधी ठरवितो.

एका रात्रीचा स्वीडन

पण सगळेच बदल हाली-कलदारासारखे सावकाश करता येतात असे नाही. १९६७ पर्यंत स्वीडनमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जात. सरकारने उजवी बाजू धरावयाचे ठरविले. आता, निम्म्या लोकांनी यंदा उजवीकडून जावे आणि उरलेल्यांनी पुढच्या वर्षी, असे म्हणून चालेल काय? तेथे एकच क्षण लागतो. १९६३ मध्ये निर्णय झाला, चार वर्षे तयारी चालली. आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावरची वाहने थांबली, हळूच उजव्या बाजूस गेली आणि पाचाच्या ठोक्याला पुढे निघाली. बदल दहा मिनिटांचा आणि तयारी चार वर्षांची.

मग सर्व्हरचा बदल हालीसारखा की स्वीडनसारखा? आखणी करणाऱ्याने पहिला विचार करावयाचा तो हा, आणि बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो तोही येथेच. उत्तर असे, की वाचणे हालीसारखे, लिहिणे स्वीडनसारखे. जुना आणि नवा असे दोन्ही सर्व्हर काही दिवस उत्तरे देत राहिले तर हरकत नाही. उतारा कोठूनही मिळो, तो एकच असला म्हणजे झाले. पण नोंद लिहिण्याची जागा एका वेळी एकच हवी. सकाळी एका वहीत भावाने नाव चढविले आणि दुपारी दुसऱ्या वहीत बहिणीने, तर संध्याकाळी एकाच शेताची दोन सत्ये तयार होतात. आणि दोन सत्यांचा निवाडा संगणक करीत नाही, दिवाणी न्यायालय करते.

चावडीवर वाचलेली नावे

बोरीच्या दप्तराकडे पुन्हा वळू. १९५४-५५ साली हैदराबाद राज्यात खासरा पाहणी झाली. कोणत्या शेताचा मालक कोण आणि ते प्रत्यक्ष कसतो कोण, हे लिहिले गेले. पुढे महाराष्ट्राची जमीन महसूल संहिता १९६६ साली झाली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. पटवाऱ्याच्या जागी तलाठी आला, एकर-गुंठ्यांची हेक्टर-आर झाली, आणि गाव नमुना सात व बारा मिळून झालेला सातबारा घरोघरच्या पेटीत जाऊन बसला.

मग संगणक आला. जमिनीची दप्तरे संगणकावर घेण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाली; महाराष्ट्रातून त्यात वर्धा होते. २००८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. हाताने लिहिलेले लक्षावधी उतारे टंकून घेतले गेले. आणि येथे उर्दूच्या टिंबांचे जुने भूत नव्या वेषात उभे राहिले!

आरंभी संगणकावर मराठी लिहिण्याची रीत एक नव्हती. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे मानक १९९१ मध्ये ठरले. त्याच वर्षी साऱ्या जगाच्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. आणि शिवाय प्रत्येक फाँट विकणाऱ्याची आपली स्वतंत्र मांडणी होतीच. एका मांडणीतले नाव दुसरीत नेताना अक्षरे घसरत. मराठीचा तो चंद्रकोरीसारखा अर्धा र घ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या. फरक त्या एका चंद्रकोरीचा. आणि 'बोऱ्हाडे', 'कऱ्हाळे', 'गोऱ्हे' अशी आडनावे तर आपल्याकडे गावोगाव. मौज अशी, की युनिकोडमध्येही ही चंद्रकोर दोन रीतींनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. पण संगणकाला ती दोन निराळी नावे वाटतात. एका रीतीने लिहिलेला बोऱ्हाडे दुसऱ्या रीतीने शोधला तर यंत्र शांतपणे उत्तर देते, की अशा नावाचा खातेदार नाही. आता त्या खातेदाराने आपण आहोत हे सिद्ध कसे करावे? तो तर खिडकीसमोर उभाच आहे!

या रोगावर जो उपाय झाला तो संगणकाहून फार जुना होता. २०१७ साली महाराष्ट्रात गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकावर घेतलेले सातबारे गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचावयाचे, हस्तलिखिताशी ताडून पाहावयाचे, आणि ज्याची जमीन त्यानेच सांगावयाचे, की नाव चुकले, क्षेत्र चुकले, आईचे नाव राहिले. मला या कार्यक्रमाचे फार मोल वाटते. दप्तर खरे की खोटे याची परीक्षा दप्तर करू शकत नाही, संगणकही करू शकत नाही. ती ज्याचे नाव त्यात आहे तोच करू शकतो. २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, २०२० मध्ये उताऱ्याचा नमुना बदलला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू होऊन शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करू लागला. या साऱ्या माड्या चढल्या त्या चावडीच्या पायावर.

आणि जुने दप्तर? ते टाकून द्यावे काय? २०२३ साली मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामाच्या काळचे तेच उर्दू आणि मोडी रुमाल पुन्हा सोडावे लागले, आणि ते वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले. कागद होते, वाचणारे दुर्मिळ झाले होते. आवृत्ती बदलताना नुसते जुने दप्तर जपून भागत नाही, ते उघडून वाचण्याची विद्याही जपावी लागते. ज्या प्रतीवरून माहिती पुन्हा उभी करून पाहिलेली नाही, ती प्रत प्रत नव्हेच. तो नुसता दिलासा आहे.

खरिपाच्या आधी की नंतर?

आता आपल्या बोक्याकडे वळू. कारण त्याच्यावरही अलीकडेच असा प्रसंग गुदरला. टॉमकॅट ज्या नियमांवर चाले त्यांचा मालक सन, नंतर २०१० मध्ये सनला विकत घेणारी ओरॅकल. २०१७ मध्ये ओरॅकलने हे नियम एक्लिप्स फाउंडेशनला देऊन टाकले. पण 'जावा' हे नाव दिले नाही. मग नव्या धन्याने जावा बेटावरच्याच शहराचे, जकार्ताचे, नाव घेतले. जुन्या प्रोग्रामांत जागोजागी 'जावाएक्स' अशी मोहोर होती, ती पुसून 'जकार्ता' करणे आले. २०२० च्या अखेरीस हे नवे नियम आले आणि टॉमकॅटची दहावी आवृत्ती त्यांवर उभी राहिली. काम तेच, कारकून तोच, पण नवव्या आवृत्तीसाठी लिहिलेला कागद दहावीच्या टेबलावर चालेना. राज्य बदलले म्हणून शिक्का बदलला!

सुदैवाने टॉमकॅटच्या मंडळींनी हाली-कलदाराचे कोष्टकही बरोबर दिले. जुना प्रोग्राम एका ठरावीक कप्प्यात ठेवला, की जुन्या मोहोरा बदलून तो नव्या टेबलावर चालता होतो. शिवाय प्रत्येक आवृत्ती आपल्या मागे दुसरे बदल ओढून आणते. नववीला जावाची आठवी आवृत्ती पुरे, १०.१ ला अकरावी लागते, आणि टॉमकॅट ११ ला सतरावी. नवी खुर्ची घ्यावी तर टेबल ठेंगणे ठरते, टेबल घ्यावे तर दारातून जात नाही, अशातला हा प्रकार.

म्हणून आखणीचा पहिला दिवस यादीचा. या कारकुनावर कोण कोण अवलंबून आहे? उतारा काढणारे केंद्र, पीककर्ज देणारी बँक, विमा उतरविणारी कंपनी, आणि कोपऱ्यातला कोणी तरी जुना प्रोग्राम, जो दर महिन्याला एकदाच जागा होतो आणि ज्याची आठवण कोणालाच नसते. पायथॉनला अकरा वर्षे लागली ती याच कोपऱ्यांमुळे.

दुसरे काम मुहूर्ताचे. हे पंचांग मात्र पावसाचे असावे. मे-जूनमध्ये बोरीचा शेतकरी पीककर्जासाठी उतारा मागतो, जुलैत विम्यासाठी, आणि त्यानंतर पीक पाहणीची धांदल. शहरातल्या कचेरीला एप्रिलची सुट्टी सोयीची वाटली आणि काम लांबत लांबत मृगात गेले, तर त्या एका आठवड्यापायी कोणाची तरी पेरणी सावकाराच्या दारातून निघावयाची. जी वेळ यंत्राला सोयीची ती माणसाला सोयीची असतेच असे नाही.

तिसरे काम रंगीत तालमीचे. खऱ्या दप्तराची नक्कल करून तिच्यावर सारा बदल आधी करून पाहावा, एकदा नव्हे, दोनदा-तीनदा. आणि प्रत्येक पायरीला किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला पडदा अडकला तर लोक हसतात; येथे पडदा अडकला तर लोक उन्हात रांगेत उभे राहतात.

चौथे काम परतीच्या वाटेचे. किती वाजेपर्यंत जमले नाही तर माघारी फिरावयाचे, आणि तो शब्द कोणी उच्चारावयाचा, हे आधीच ठरलेले असावे. पहाटे तीन वाजता थकलेला माणूस नेहमी म्हणतो, की आणखी अर्ध्या तासात होईल. त्या अर्ध्या तासाच्या भरवशावर कित्येक सकाळी बुडाल्या आहेत. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांना चोरदरवाजे होते ते भित्रेपणामुळे नव्हेत.

आणि पाचवे काम चावडी वाचनाचे. बदल झाला, दिवे हिरवे लागले, म्हणून पेढे वाटू नयेत. शंभर खाती काढावीत. त्यात चंद्रकोरीची नावे असावीत, विधवेच्या नावे वारसाने चढलेले शेत असावे, सामाईक विहीर असावी, जुना बोजा असावा. सोप्या खात्यांनी परीक्षा उतरत नाही. ज्या नोंदीत कोणाचे तरी सर्वस्व अडकलेले आहे तीच नोंद आधी वाचावी.

पुन्हा मोंढ्यात

या साऱ्या गोष्टी बारकाईने पाहिल्या म्हणजे ध्यानात येते, की नव्या आवृत्तीची आखणी ही वास्तविक जुन्याच्या आदराची आखणी असते. नवे काय मिळणार याची जाहिरात करणारे पुष्कळ भेटतात. जुन्यातले काय हरवता कामा नये, याची यादी करणारा एखादाच असतो, आणि त्याचे नाव कोठेही छापून येत नाही. खासरा लिहिणारा पटवारी, तीन आण्यांचे कोष्टक भिंतीवर चिकटविणारा टपालबाबू, चावडीवर घसा बसेपर्यंत नावे वाचणारा तलाठी, आणि पहाटे चारला सर्व्हरपुढे बसलेली एखादी तरुण मुलगी, ही सारी एकाच घराण्यातली माणसे.

त्यांचे काम उत्तम झाले तर कोणालाच काही कळत नाही. बोरीचा शेतकरी सकाळी केंद्रावर येतो, उतारा मागतो, नावावर नजर फिरवितो, घडी घालून खिशात ठेवतो आणि बियाणाच्या चौकशीला निघून जातो. रात्री राज्य बदलून गेले होते, हे त्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते.

मोंढ्यातला मुनीम पाडव्याला तेच करतो. नव्या वहीच्या पहिल्या पानावरचे कुंकू वाळले, की तो चष्मा पुसतो, जुनी वही मांडीवर घेतो आणि शेजारच्या पोराला म्हणतो, "तू वाच, मी लिहितो." मग एकेक नाव मोठ्याने वाचले जाते, एकेक आकडा दोनदा उच्चारला जातो. बाहेर फटाके वाजत असतात. आत सावकाश, न चुकता, मागचे वर्ष पुढच्या वर्षात येत असते.